प्रौढांच्या वर्गात 'तुमचं मत कुणाशी जुळतं?' ही प्रश्नावली घ्यावी का?

भुईचाफा | ८ फेब्रुवारी २०२५, रात्री ९:४२

मंडळी, एक सल्ला हवाय आणि जरा घाईने हवाय.

मी डॉर्टमुंडजवळ राहते. आठवड्यातून तीन संध्याकाळी फोल्क्सहोखशूलमध्ये मोठ्या माणसांना जर्मन शिकवते. फोल्क्सहोखशूल म्हणजे गावोगावी असलेली प्रौढांची शाळा; भाषा, शिवण, संगणक, योगासनं, सगळं एका छताखाली. सध्याचा वर्ग बी-२ पातळीचा, १७ जणांचा. सगळे दिवसभर राबून येतात. वृद्धाश्रमातल्या मदतनीस, दोन ट्रकचालक, केरळची एक नर्स, मूळचे सीरियाचे एक बेकरीवाले. त्यांच्या बाहीला रोज पीठ असतं.

२३ तारखेला बुंडेसटागची, म्हणजे इथल्या संसदेची, निवडणूक आहे. खरं तर ती सप्टेंबरात व्हायची, सरकार पडलं म्हणून आता आली. १७ पैकी ५ जणांना गेल्या वर्षभरात नागरिकत्व मिळालं आणि ते इथे पहिल्यांदाच मत देणार आहेत. बेकरीवाल्यांनी परवा मतपत्रिकेचा नमुना माझ्यापुढे धरून विचारलं, "यातला माझा पक्ष कुठला?" मला उत्तर द्यायचं नव्हतं, पण नुसतं "तुमचं तुम्ही ठरवा" म्हणून वाटेला लावायचंही नव्हतं.

गुरुवारी वाल-ओ-माट सुरू झाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही इंटरनेटवरची प्रश्नावली. ३८ विधानं असतात, प्रत्येकावर 'सहमत', 'असहमत' किंवा 'तटस्थ' म्हणायचं, नको ते सोडून द्यायचं. शेवटी कुठल्या पक्षाशी किती टक्के जुळतं ते दिसतं. पक्षांनी त्याच विधानांवर स्वतः उत्तरं दिलेली असतात, कारणांसकट.

हे वर्गात घ्यावं का? दोन शंका आहेत. एक, मी शिक्षिका; माझ्या तोंडून, माझ्या फळ्यावर पक्षांची टक्केवारी येणं योग्य का? दोन, उरलेल्या १२ जणांना मतच नाही. त्यांच्या पुढ्यात हे ताट वाढून काय करू?

---

चहाबाज | ८ फेब्रुवारी, रात्री १०:०५

बिनधास्त घ्या ताई. मोठी माणसं आहेत, पाळण्यातली बाळं नाहीत.

---

उंबरठा | ८ फेब्रुवारी, रात्री १०:३१

मला नाही पटत. ३८ प्रश्नांत माणसाचं राजकारण मावतं का? "तुमचं ७४ टक्के जुळलं" असं मशीन म्हणालं की नवखा माणूस तोच निकाल धरून बसतो. आपल्याकडे पत्रिकेत २८ गुण जुळले की मुलगा चांगला, अशातली गत. गुण जुळतात आणि घर मोडतं, हे सगळ्यांनी पाहिलंय.

शिवाय हे काढतं कोण? सरकारी खातंच ना?

---

ऱ्हाइनकाठ | ८ फेब्रुवारी, रात्री ११:१०

उंबरठा, काढते ती बुंडेसत्सेंट्राले, म्हणजे राजकीय शिक्षणाचं केंद्रीय कार्यालय. ती गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत येते, तुमचं तेवढं खरं. पण विधानं मंत्रालयात बसून लिहीत नाहीत. पहिल्या वेळच्या मतदारांची, म्हणजे तरुण मुलामुलींची एक संपादक मंडळी असते, सोबत राज्यशास्त्राचे अभ्यासक. पक्षांचे जाहीरनामे वाचून ते भरपूर विधानं तयार करतात, ती सगळ्या पक्षांना पाठवतात आणि उत्तरं आल्यावर ३८ निवडतात. ज्या विधानावर सगळे पक्ष एकच बोलतात ते गाळलं जातं, कारण त्याने मतदाराला फरक कळत नाही.

मी १४ वर्षं कोलोनला आहे. २०१९ च्या युरोपीय निवडणुकीआधी आमच्याच शहरातल्या न्यायालयाने वाल-ओ-माट बंद करायला लावला होता. तेव्हा निकाल बघताना एका वेळी आठच पक्ष निवडता यायचे. फोल्ट नावाचा छोटा पक्ष कोर्टात गेला, की यामुळे लोक मोठ्या पक्षांवरच टिचकी मारतात. कोर्टाने मान्य केलं, तीन दिवसांत तडजोड झाली आणि आता सगळे पक्ष एकदम बघता येतात. मतदानाच्या तोंडावर सरकारी कार्यालयाला कोर्ट थांबवू शकलं, म्हणून माझा त्यावरचा विश्वास उलट वाढला.

---

गणितमास्तर | ९ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

टक्केवारीचं गूढ कमी व्हावं म्हणून हिशेब मांडतो. भुईचाफा, हा वर्गात फळ्यावर करून दाखवण्यासारखा आहे.

तुमचं आणि पक्षाचं उत्तर एकच, तर २ गुण. एक पाऊल अंतर (तुम्ही सहमत, पक्ष तटस्थ), तर १ गुण. अगदी विरुद्ध, तर ०. सोडून दिलेलं विधान मोजत नाहीत. ३८ च्या ३८ सोडवली तर कमाल ७६ गुण.

समजा २५ विधानांवर तंतोतंत जुळलं, ७ वर एक पाऊल अंतर, ६ वर उलट. ५० + ७ + ० = ५७. भागिले ७६, बरोबर ७५ टक्के.

आता खरी मेख. शेवटी विचारतात की यातली कुठली विधानं तुम्हाला जास्त महत्त्वाची. त्यांचं वजन दुप्पट होतं. समजा न जुळलेली ती ६ विधानंच तुमच्या जिवाभावाची निघाली. मग कमाल होते ८८, तुमचे गुण ५७ च. टक्केवारी येते ६५ च्या खाली. माणूस तोच, पक्ष तोच, उत्तरंही तीच, आणि आकडा दहाने घसरला. म्हणून वजन देण्याचा तो पडदा घाईत पुढे ढकलायचा नाही.

आणखी एक: सगळीकडे 'तटस्थ' दाबणाऱ्याचं प्रत्येक पक्षाशी निदान ५० टक्के जुळतं! माहिती नसेल तर 'तटस्थ' दाबू नये, विधान सोडून द्यावं. हा फरक नवख्यांना आधीच सांगायला हवा.

---

चहाबाज | ९ फेब्रुवारी, सकाळी ७:५८

मास्तर, रविवारी सकाळी सात वाजता! पण कळलं हो, एका फटक्यात कळलं.

---

डाळिंबी_उसळ | ९ फेब्रुवारी, सकाळी ११:१४

मी श्टुटगार्टला. ११ वर्षं इथे कर भरतेय, मत नाही, कारण भारतीय पासपोर्ट सोडायला मन होत नाही. जर्मनीने जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व मोकळं केलं, पण भारत देत नाही; आपल्या हातात ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) तेवढं उरतं. इथे युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला महापालिकेलाही मत देता येत नाही.

भुईचाफा, तुझ्या दुसऱ्या शंकेबद्दल हे सांगतेय. मत नाही म्हणून मला वगळू नकोस. किमान वेतन, घरभाडं, पाळणाघर हे सगळं मलाही लागू आहे. मी दर निवडणुकीला वाल-ओ-माट सोडवते आणि मगच शेजारणीशी बोलायला तोंड उघडतं. २०२१ मध्ये एक विधान किमान वेतन १२ युरो करण्याबद्दल होतं. ऑक्टोबर २०२२ पासून ते खरंच १२ झालं. तेव्हा मी बेकरीत काउंटरवर होते आणि माझा पगार वाढला. मी ज्यावर 'सहमत' दाबलं होतं ते कागदावरून माझ्या खात्यात आलं.

पण एक वाईट अनुभवही सांगते. मी पूर्वी ज्या कोर्सला होते (नाव नको) तिथे शिक्षकाने प्रश्नावली प्रोजेक्टरवर घेतली आणि एका बाईंना पुढे बोलावून त्यांचा निकाल सगळ्यांसमोर उघडला. वर जो पक्ष आला तो बघून वर्गात एकदम शांतता. त्या बाई दुसऱ्या दिवसापासून मागच्या बाकावर बसायला लागल्या आणि पंधरा दिवसांनी यायच्याच थांबल्या. मतदानाला पडदा असतो तो उगाच नाही. निकाल कुणाचाही उघडा करू नकोस.

---

उंबरठा | ९ फेब्रुवारी, दुपारी १२:०२

डाळिंबी, हेच म्हणत होतो मी. वाईट वाटलं वाचून.

---

ऱ्हाइनकाठ | ९ फेब्रुवारी, दुपारी १:३०

शिक्षकाने काय करावं यावर जर्मनीत १९७६ पासून एक सर्वमान्य चौकट आहे. श्टुटगार्टजवळच्या बॉइटेल्सबाख गावी वेगवेगळ्या विचारांचे शिक्षणतज्ज्ञ जमले होते, त्यांच्या भांडणातून ती निघाली. शिकणाऱ्यावर आपलं मत लादायचं नाही. समाजात जो वादाचा विषय आहे तो वर्गातही वादाचाच म्हणून मांडायचा. आणि शिकणाऱ्याला आपलं हित ओळखून त्यासाठी काय करता येईल हे कळलं पाहिजे.

यातल्या तिसऱ्या मुद्द्यावर मी अडून बसेन. पहिल्या दोनांच्या धाकाने पुष्कळ शिक्षक निवडणुकीचा विषयच काढत नाहीत. गप्प राहणं म्हणजे निःपक्षपातीपणा नव्हे. बेकरीवाल्यांनी विचारलेला प्रश्न हा त्या तिसऱ्या मुद्द्याचाच प्रश्न आहे.

---

टेकडीवरून | ९ फेब्रुवारी, दुपारी ३:४५

स्वित्झर्लंडहून, झुरिक परगण्यातून. आमच्याकडे २००३ पासून स्मार्टव्होट आहे आणि ते पक्षाशी नाही, थेट उमेदवाराशी जुळवतं. कारण इथली मतपत्रिका वेगळी. राष्ट्रीय परिषदेच्या (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या) २०२३ च्या निवडणुकीत आमच्या परगण्याला ३६ जागा होत्या. एका पक्षाच्या यादीत दुसऱ्या पक्षाची नावं हाताने लिहिता येतात, आवडलेलं नाव दोनदा लिहिता येतं, नको ते खोडता येतं. शेकड्यांनी उमेदवार. मदतीशिवाय ३६ नावं कोण निवडणार?

निकालात टक्क्यांबरोबर कोळ्याच्या जाळ्यासारखी आकृती येते, आठ टोकांची: परराष्ट्र धोरण खुलं हवं, पर्यावरण, कायदा-सुव्यवस्था, स्थलांतर वगैरे. माझ्या सासूबाई ७० वर्षांच्या आहेत, त्यांना टक्केवारी कळली नाही, आकृती बघताच कळली. "माझं जाळं इकडे ओढलंय आणि याचं तिकडे," म्हणाल्या. प्रौढांना आकड्यापेक्षा चित्र लवकर पोचतं असा माझा अनुभव.

---

सायकलवाली | ९ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:१०

वाल-ओ-माटची आई आमच्याकडची बरं का! नेदरलँड्सचा स्टेमवाइझर. १९८९ साली निघाला तेव्हा इंटरनेट नव्हतं. ६० विधानांची छापील पुस्तिका आणि सोबत फ्लॉपी. तीही शाळेतल्या मुलांना नागरिकशास्त्र शिकवायला. १९९८ ला इंटरनेटवर आला, मग जर्मनांनी २००२ मध्ये घेतला. त्यामुळे "हे वर्गात घ्यावं का" या प्रश्नाला गंमतच वाटली, जन्मच वर्गातला आहे त्याचा.

---

अनुस्वार | ९ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:०२

अवांतर: वाल-ओ-माटमधल्या 'तेझं' या जर्मन शब्दाला मराठीत 'विधान' बरोबर आहे, 'प्रश्न' नको. प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं, विधानाला बाजू घ्यायची असते.

आणि आपल्या 'मत' या शब्दाकडे बघा. मनातला विचार तोही मत, पेटीत टाकतो तेही मत. जर्मनमध्ये 'श्टिमं' म्हणजे आवाजही आणि पेटीतलं मतही. वर्गात हे जरूर सांगा.

---

भुईचाफा | ९ फेब्रुवारी, रात्री ९:२०

अनुस्वार, उद्याचा तास याच शब्दाने सुरू करणार!

सगळ्यांचे मनापासून आभार. एक अडचण अजून: यातली भाषा. यंदा एक विधान 'शुल्डनब्रेमसं'बद्दल आहे. शब्दशः 'कर्जाचा ब्रेक'. पण त्यामागे २००९ मध्ये राज्यघटनेत घातलेली अट आहे: केंद्राने एका वर्षात नवं कर्ज साधारण सकल उत्पन्नाच्या ०.३५ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही. हे समजल्याशिवाय 'सहमत' कसं म्हणणार? ३८ पैकी निम्म्या विधानांना तरी अशी पायरी लागेल.

---

पाटीपेन्सिल | १० फेब्रुवारी, सकाळी ८:३३

सातारा जिल्ह्यातून लिहितोय. आमच्याकडे 'उल्लास'च्या साक्षरता वर्गाला स्वयंसेवक म्हणून शिकवतो. बायाच जास्त, ४५ ते ७० वयाच्या. हा जिल्हा प्रौढ साक्षरतेत जुना. १९५९ ची ग्रामशिक्षण मोहीम इथंच सुरू झाली, माझ्या आजीनं त्यातच सही शिकली.

तुमचं वाचून हेवा वाटतो. आमच्याकडं पक्षानं लेखी उत्तर देऊन 'मी या बाजूला' असं सांगणारी सोय नाही. पण एक गोष्ट आहे. उमेदवाराचं शपथपत्र, नमुना २६. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळं प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे हे सगळं लिहून द्यावं लागतं. ते 'मायनेता' या संकेतस्थळावर बघायला मिळतं, निवडणूक आयोगाच्या ॲपवरही.

विधानसभेच्या वेळी मी एक शपथपत्र छापून नेलं. नाव झाकलं होतं. म्हटलं, आधी फक्त आकडे वाचा. एक आजी, ज्यांना चार महिन्यांपूर्वी संख्या वाचता येत नव्हत्या, त्यांनी बोट ठेवत ठेवत एकक, दशक, शतक मोजलं आणि कोटीवर येऊन थांबल्या. मला म्हणाल्या, "गुरुजी, ह्ये सगळं ह्यांचं? आन् खाली कर्जबी?" पुढचा अर्धा तास वर्ग नुसता आकडे वाचत होता. त्या दिवशी मला कुणाला 'वाचा' म्हणावं लागलं नाही.

---

उंबरठा | १० फेब्रुवारी, सकाळी ९:१५

पाटीपेन्सिल, नाव झाकण्याची युक्ती फार आवडली. वाल-ओ-माटलाही ती लावता येईल की! पक्षांची कारणं वाचायला द्यायची, नाव झाकून. कारण पटलं का ते आधी, पक्ष कुठला ते नंतर.

---

ब्लूबेरी_पोहे | १० फेब्रुवारी, रात्री ८:४०

न्यू जर्सी. ग्रंथालयात नागरिकत्व परीक्षेच्या तयारीचा वर्ग घेते. ठरलेले प्रश्न पाठ करायचे, मुलाखतीत त्यातले काही विचारतात, पुरेसे बरोबर आले की झालं. माणसं ते तोंडपाठ म्हणतात, शपथ घेतात, हातात छोटा झेंडा घेऊन फोटो काढतात आणि नोव्हेंबरात मतपत्रिका उघडून हबकतात. अध्यक्षाखाली सिनेटर, काउंटीचे अधिकारी, शाळा मंडळ, वर सार्वमताचे प्रश्न.

इथे आयसाइडविथ २०१२ पासून आहे, टक्केवारी देतं. मी वर्गात व्होट४११ वापरते, लीग ऑफ विमेन व्होटर्स या संस्थेचं. ते टक्के सांगत नाही. पत्ता घातला की तुमच्या मतपत्रिकेवरचे उमेदवार येतात आणि एकाच प्रश्नाला कोण काय म्हणालं ते शेजारी शेजारी दिसतं. ज्यांनी उत्तर पाठवलं नाही त्यांची जागा रिकामी. आमच्या वर्गातल्या एक काकू त्या रिकाम्या जागेवर जाम चिडतात. "विचारलं तर बोलायला काय होतं?"

उंबरठ्यांच्या मुद्द्याशी मी निम्मी सहमत. टक्केवारी आली की वाचन थांबतं. ती नसली की वाचावंच लागतं.

---

गणितमास्तर | १० फेब्रुवारी, रात्री १०:१५

ब्लूबेरी, सहमत, पण एक विचार करा. टक्केवारीचं आमिष नसेल तर नवखा माणूस ३८ विधानं वाचेल का? २०२१ च्या बुंडेसटाग निवडणुकीत वाल-ओ-माट २ कोटींहून जास्त वेळा वापरला गेला. जाहीरनामे तितक्यांनी वाचले असतील असं मला वाटत नाही.

मात्र "याने मतदान वाढतं" हा दावा जपून करावा. अशा प्रश्नावल्यांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये आला होता. वापरणारे लोक जास्त मतदान करतात असं दिसतं खरं. पण चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून केलेल्या प्रयोगांत तो परिणाम बराच फिका पडतो. म्हणजे मुळात ज्याला रस आहे तोच ती उघडतो. म्हणून भुईचाफाचा वर्ग मला महत्त्वाचा वाटतो. तिथे आपणहून न उघडणारा माणूस बसलाय.

---

डाळिंबी_उसळ | १० फेब्रुवारी, रात्री १०:५०

मास्तरांच्या शेवटच्या वाक्याला +१.

आणि ताई, पोस्टाने मत देणारे कुणी असतील तर आत्ताच सांग. यंदा निवडणूक अचानक आल्यामुळे वेळ फार थोडा आहे. पाकीट मतदानाच्या दिवशी संध्याकाळी ६ च्या आत पोचलं पाहिजे. ट्रकवाले दादा रविवारी कुठे असतील कुणास ठाऊक.

---

भुईचाफा | १३ फेब्रुवारी, रात्री ११:०८

काल आणि आज, दोन संध्याकाळी मिळून केलं. सविस्तर लिहिते, कारण हे तुमच्यामुळे झालं.

संगणक उघडलाच नाही. वाल-ओ-माटचा भिंतीवर लावायचाही एक प्रकार असतो, मोठ्या तक्त्यावर विधानं आणि लोकांनी ठिपके चिकटवायचे. त्यावरून सुचलं. ३८ पैकी ९ विधानं निवडली, मोठ्या अक्षरांत छापली. खोलीच्या एका भिंतीला 'सहमत', समोर 'असहमत', मध्ये खुर्च्या. विधान वाचायचं, कठीण शब्द सोडवायचे, मग ज्याने त्याने जाऊन उभं राहायचं. ज्याला उभं राहायचं नाही त्याने चहाच्या टेबलापाशी जायचं, कारण विचारायचं नाही. उमाळ्याचे विषय (युक्रेन, आश्रय मागणारे) मी या खेळात घेतले नाहीत. ते घरी एकट्याने. डाळिंबी, तुझ्या त्या बाई डोळ्यांपुढे होत्या.

किमान वेतन १५ युरो करावं, हे विधान आलं. यंदा, २०२५ मध्ये, ते १२.८२ आहे. वृद्धाश्रमातल्या दोघी तडक 'सहमत'कडे. बेकरीवाले निघाले 'असहमत'कडे, अर्ध्यात थांबले. त्यांच्याकडे तीन माणसं कामाला आहेत. म्हणाले, "मी दिले तर ब्रेड महाग करावा लागेल. मग तुम्हीच घेणार नाही." त्यातली एक म्हणाली, "मला १५ मिळाले तर मी तुमच्याकडूनच घेईन, आता मी सुपरमार्केटातला घेते." दहा मिनिटं हे चाललं, सगळं जर्मनमध्ये, कुठेही माझी मदत न घेता. गेले पाच महिने मी 'जर-तर'ची वाक्यं शिकवतेय. इतकी सरळ वाक्यं याआधी कधी आली नव्हती.

मग उंबरठा आणि पाटीपेन्सिल यांची युक्ती: त्याच विधानावरची चार पक्षांची कारणं, नावं कापून. जोडीजोडीने वाचली. एका जोडीला पटलेलं कारण ज्या पक्षाचं निघालं, त्याचं नाव ऐकून दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मी काहीच बोलले नाही.

आज गणितमास्तरांचा हिशेब फळ्यावर केला. ७५ चे ६५ झाले तेव्हा ट्रकचालकांपैकी एकाने वहीत उतरवून घेतलं. (डाळिंबी, त्यांनी पोस्टाच्या मतपत्रिकेसाठी काल रात्रीच अर्ज केला.) पूर्ण प्रश्नावली ज्याने त्याने घरी, आपापल्या फोनवर. निकाल मी विचारणार नाही हे तीनदा सांगितलं.

ज्यांना मत नाही त्या १२ जणांबद्दल माझी भीती फोल ठरली. सर्वात जास्त बोलली ती केरळची नर्स. शेवटी म्हणाली, "मी इथे रात्रपाळीत या लोकांचे आईवडील सांभाळते. मला विचारणारं आज कुणीतरी भेटलं."

---

अनुस्वार | १४ फेब्रुवारी, सकाळी ६:५५

नर्सबाईंचं वाक्य दोनदा वाचलं.

---

ऱ्हाइनकाठ | १४ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

सुंदर. एक राहिलं: मतं दोन आहेत हे सांगा. वाल-ओ-माट पक्षांशी जुळवतो, म्हणजे तो दुसऱ्या मताच्या कामाचा. पहिलं मत मतदारसंघातल्या उमेदवाराला जातं. २९९ मतदारसंघ आहेत. त्यासाठी आबगेओर्डनेटेनवॉच या संकेतस्थळावरची उमेदवार-तपासणी बघायला लावा, तिथे उमेदवार स्वतः उत्तरं देतात.

---

सायकलवाली | २४ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

काय झालं ताई? ८२.५ टक्के मतदान! एकीकरणानंतरचं सर्वात जास्त म्हणतायत.

---

ऱ्हाइनकाठ | २४ फेब्रुवारी, दुपारी १:०५

आणि बीएसडब्ल्यू हा पक्ष ४.९८ टक्क्यांवर अडला. पाच टक्क्यांच्या उंबरठ्याला (त्याखाली पक्षाला सहसा बुंडेसटागात जागा मिळत नाहीत) साधारण साडेनऊ हजार मतं कमी पडली, अख्ख्या देशात. तो पक्ष आवडो न आवडो, "एका मताने काय होतं" म्हणणाऱ्याला हे दाखवा. शिवाय नव्या कायद्यामुळे २३ जण मतदारसंघात पहिले येऊनही बुंडेसटागात नाहीत, कारण दुसऱ्या मतांत पक्षाच्या वाट्याला तेवढ्या जागा आल्या नाहीत. पुढच्या तासाचा विषय तयार आहे.

---

भुईचाफा | २४ फेब्रुवारी, रात्री १०:३०

पाचही जणांनी मत दिलं. ट्रकवाल्या दादांनी पाकीट स्वतः नेऊन टाकलं. कुणाला दिलं ते मला माहीत नाही. बेकरीवाले आज तिळाच्या पोळ्यांची परात घेऊन आले आणि वाटता वाटता म्हणाले की मतदान केंद्रात पडद्याआड ते इतका वेळ उभे होते, की बाहेरच्या बाईंनी "ठीक आहात ना?" म्हणून विचारलं.

उंबरठा, तुमचा मूळ आक्षेप मला आता जास्त पटतो. टक्केवारी हे या साऱ्यातलं सर्वात कमी कामाचं अंग. पण तिच्याशिवाय वर्गातल्या लोकांनी ती नऊ विधानं इतक्या जिवाने वाचली नसती, हेही खरं. दोन्ही एकदम खरं वाटतंय, सोडवता येत नाहीये.

---

उंबरठा | २४ फेब्रुवारी, रात्री ११:०२

नका सोडवू. मी काल माझ्या मुलीबरोबर बसून पहिल्यांदा पूर्ण सोडवला. तीन विधानांवर आमचं कडाक्याचं वाजलं. दोन वर्षांत आम्ही इतकं बोललो नव्हतो.

---

पाटीपेन्सिल | २ मार्च, सकाळी ९:१०

मंडळी, मदत हवी. भिंतीकडं जाऊन उभं राहायचा खेळ आमच्या वर्गात करायचाय, ग्रामपंचायतीच्या प्रश्नांवर. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनेल असतं, आणि सरपंच थेट निवडायचा. त्यामुळं पक्ष बाजूला ठेवून नुसत्या गावच्या विधानांवर बोलता येईल. नंतर तीच विधानं दोन्ही पॅनेलना लेखी देऊन सही-शिक्क्यानिशी उत्तरं मागायचा विचार आहे.

दोन विधानं जमली. 'बाजारतळाच्या जागेवर व्यायामशाळेऐवजी अभ्यासिका बांधावी.' 'ग्रामसभा दुपारी न घेता रात्री जेवणं झाल्यावर घ्यावी.' दुसऱ्यावर बायांचं काय म्हणणं येतं ते ऐकायचंय.

तिसरं जमत नाहीये. 'गावात रोज पाणी यावं' लिहिलं, तर सगळ्या एकाच भिंतीला जाऊन उभ्या राहिल्या.

---

ऱ्हाइनकाठ | २ मार्च, सकाळी १०:२५

पॅनेलही तेच करतील. पाण्याला नाही कोण म्हणेल? त्याची किंमत विधानात आली पाहिजे.

---

डाळिंबी_उसळ | २ मार्च, सकाळी १०:५१

'पाणीपट्टी दुप्पट झाली तरी चालेल, पण पाणी रोज यावं.'

---

पाटीपेन्सिल | २ मार्च, रात्री ८:४५

आज हेच घेतलं. नऊ जणी इकडं, सहा जणी तिकडं, आणि कोटीपर्यंत मोजणाऱ्या आजी मधोमध उभ्या. म्हणाल्या, "आधी सांगा, मीटर बसवणार का घरटी सारखीच घेणार?"

चौथं विधान त्यांनीच दिलं.